दुष्काळनिवारण आणि जिल्हा परिषद : दान कोठें व कर्तव्य कोणाचें?

(दुष्काळनिवारण समितीच्या आश्रयदात्यांच्या सभेंत समितीतर्फे केलेलें भाषण)



वर्गणीसाठीं आपल्या पेढ्यांवर व वाड्यांवर फिरत असतां एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागला. "जिल्ह्यास परिषद आहे, तिला कर आम्ही देतों, तिच्यापाशीं अधिकारी आहेत, मोटारी आहेत; मग पुन्हां तुमची झोळी कशाला?" हा प्रश्न कृपणपणाचा नाहीं, न्यायाचा आहे. त्याचें उत्तर दिल्याशिवाय आपणांपाशीं पुढील वर्गणी मागणें आम्हांस उचित वाटत नाहीं. म्हणून परिषदेची रचना काय, तिचीं कर्तव्यें कोणतीं, आणि तीं जेथें थांबतात तेथें आमचें काम कसें सुरू होतें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम पूर्वेतिहास थोडक्यांत. शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून घेण्यास मुंबई इलाख्यांत 1869 च्या कायद्यानें आधार मिळाला. रस्ते व शाळा यांवर तो पैसा खर्च होई. पण त्या खर्चांत रयतेचा शब्द फारसा नव्हता. 1876 ते 1878 च्या भयंकर दुष्काळांत गांवची हकीकत सरकारापुढें हक्कानें मांडील अशी लोकनियुक्त सभा जिल्ह्यांत नव्हती. तें काम पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांव माणसें पाठवून केलें. पुढें लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर 1884 चा कायदा होऊन जिल्हा व तालुका लोकल बोर्डें स्थापन झालीं. स्वातंत्र्यानंतर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला, आणि 1 मे 1962 रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या. दहा वर्षांतच 1972 च्या दुष्काळानें त्यांची कसोटी पाहिली.

आजची रचना तीन पायऱ्यांची आहे. गांवीं ग्रामपंचायत, तालुक्यास पंचायत समिति, आणि जिल्ह्यास परिषद. मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे सोडून राज्यांतील बाकीच्या 34 जिल्ह्यांस परिषदा आहेत. परिषदेवर लोकांनीं थेट निवडून दिलेले सभासद कमींत कमी 50 व जास्तींत जास्त 75 असावे असा कायदा आहे. पंचायत समित्यांचे सभापति हेहि तिचे सभासद असतात. अध्यक्षांच्या हाताखालीं स्थायी समिति व तिच्या जोडीला शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषि, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण, जलसंधारण व पाणीपुरवठा, अर्थ अशा निरनिराळ्या विषयांच्या समित्या असतात. ठराव सभासदांनीं करावा व अंमल मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनीं करावा, अशी ही वांटणी आहे. तालुक्यांत तेंच काम गटविकास अधिकारी पाहतात.

आतां दुष्काळांत कोणाकडे काय येतें तें पहा. पिकांची पैसेवारी ठरविणें, चाऱ्याच्या छावण्यांस मंजुरी देणें हें जिल्हाधिकारी व महसूल खातें यांचें काम. दुष्काळ जाहीर करणें हें राज्य सरकारचें. हीं कामें परिषद करीत नाहीं म्हणून तिला दोष देणें अन्यायाचें होईल. शहराचें पाणी नगरपालिकेकडे वा महानगरपालिकेकडे असतें. 2016 च्या एप्रिलांत मिरजेहून लातूरला आगगाडीनें पाणी गेलें, तें शहराची तहान भागविण्यासाठीं. खेड्यांच्या नळयोजना व विंधनविहिरी, पाणीटंचाईचा आराखडा तयार करणें, प्राथमिक आरोग्य केंद्रें, प्राथमिक शाळा, अंगणवाड्या, गांवरस्ते, आणि शंभर हेक्टरपर्यंत भिजविणारे लहान तलाव व बंधारे, हीं मात्र परिषदेचीं कामें होत. सारांश, दुष्काळ जाहीर करणें तिच्या हातीं नसलें, तरी दुष्काळांत माणूस गांवीं टिकतो कीं गांव सोडतो, हें पुष्कळसें तिच्याच कारभारावर ठरतें.

हें आम्ही पुस्तकांतून शिकलों नाहीं, चुकून शिकलों. आणि ती चूक आपणांपासून लपवून ठेवणें बरें नव्हे, कारण पैसा आपला होता. पहिल्या उन्हाळ्यांत एका मोठ्या गांवाची हांक ऐकून आम्हीं घाईनें आपला टँकर तेथें सुरू केला. त्या गांवाचें नांव परिषदेच्या टंचाई आराखड्यांत आधींच होतें, आणि आठ दिवसांनीं सरकारी टँकरहि तेथें येऊन उभा राहिला. त्याच शिवारापलीकडे एक तांडा होता. त्याचें नांव आराखड्यांत नव्हतें, आमच्याहि वहींत नव्हतें. तेथील बायका तीन महिने एका आटत चाललेल्या विहिरीच्या तळाशीं वाटीवाटीनें पाणी भरीत राहिल्या. आम्ही पंचायत समितीच्या कचेरींत एक तास बसून आराखडा वाचला असता, तर तोच टँकर तांड्यावर गेला असता. ज्या गांवाला बोलतां येतें त्याला दोनदां पाणी मिळालें, आणि ज्याला बोलतां येत नाहीं त्याला एकदांहि नाहीं.

तेव्हांपासून आम्हीं तीन नियम घालून घेतले आहेत. पहिला, आराखडा वाचल्यावांचून पाणी पाठवावयाचें नाहीं. जी वाडी वा वस्ती त्यांत राहून गेली असेल, तिच्यासाठीं प्रथम ग्रामपंचायतीकडून मागणीअर्ज करवावयाचा, आणि मंजुरी येईपर्यंतचेच दिवस आपल्या खर्चानें काढावयाचे. दुसरा, तलावांतील गाळ काढणें वा बांध दुरुस्त करणें, हें तो ज्याच्या मालकीचा त्याची लेखी परवानगी घेऊनच करावयाचें. नाहीं तर पुढील पावसाळ्यांत तो बांध फुटल्यास जबाबदार कोण, हें कोणासहि सांगतां येत नाहीं. तिसरा, जें काम कायद्यानें परिषदेवर आहे तें दानाच्या पैशानें कायमचें उचलावयाचें नाहीं. धर्मादायानें कर्तव्याची जागा घेतली म्हणजे कर्तव्य करणारा निश्चिंत होतो, आणि धर्मादाय थकला म्हणजे गरीब उघडा पडतो.

मग आमची झोळी कशासाठीं? ज्या जागीं कोणाचेंच कर्तव्य पोंचत नाहीं त्या जागांसाठीं. घरचीं कर्तीं माणसें ऊसतोडीस गेल्यावर मागें राहिलेलीं म्हातारीं माणसें, मंजुरी व टँकर यांमधले कोरडे दिवस, छावणीपर्यंत चालत जाऊं न शकणारें एखाद्या विधवेचें एकुलतें जनावर, हीं कोणत्याहि आराखड्यांत मावत नाहींत. आपला रुपया तेथें खर्च होतो.

परंतु आपणांपाशीं आम्ही नुसता रुपया मागत नाहीं. शेतसाऱ्यावरील उपकर परिषदेकडे जातो, व सरकारी अनुदानाचा पैसाहि शेवटीं जनतेचाच असतो. तेव्हां हिशेब विचारण्याचा आपला हक्क दानाहून जुना आहे. राज्यांतील बहुतेक परिषदांची मुदत मार्च 2022 मध्यें संपली, निवडणुका लांबल्या, आणि कारभार प्रशासकांच्या हातीं गेला. अधिकारी कितीहि कर्तबगार असला तरी त्याला गांवच्या वतीनें प्रश्न विचारणारी खुर्ची रिकामी राहिली, म्हणजे तांड्यासारखीं नांवें आराखड्यांतून सहज गळतात. म्हणून जमीनदार मंडळींस आमची विनंति आहे कीं, आपल्या गांवच्या ग्रामसभेस आपण स्वतः जावें, आराखडा मोठ्यानें वाचवून घ्यावा, आणि आपल्या मजुरांच्या वस्तीचें नांव त्यांत आहे कीं नाहीं तें पहावें. व्यापारी बंधूंनीं कडबा व धान्य यांचे भाव गरजवंताची अडचण पाहून चढवूं नयेत. तीहि एक देणगीच आम्ही समजूं.

सार्वजनिक सभेच्या काळीं गांवची हकीकत सांगण्यास परिषद नव्हती. आज परिषद आहे, कायदा आहे, आराखडा आहे. उणीव असलीच तर विचारणाऱ्याची आहे. आपण विचारणारे व्हा, देणारे तर आपण आहांतच. समितीचा जमाखर्च या अहवालास जोडला आहे. तो वाचून जेथें शंका येईल तेथें आम्हांसहि निःसंकोच जाब विचारावा, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.