एका बाकावरचा चहा



‘कल्पित नगरीतील पानगृह’ हा विषय जाहीर झाला, तेव्हा मयूरेश्वराच्या गावी असला विषय कशाला, अशी शंका काहींच्या मनात आली असेल. ती रास्त आहे. परंतु मला दारूविषयी बोलावयाचे नाही. बाकाविषयी बोलावयाचे आहे. एका बाकावर कोणी कोणाशेजारी बसावे, हा माझा विषय.

कादंबरीकार मनाने एखादी नगरी रचतो, तेव्हा वेशी आणि बुरुजांबरोबर एक पानगृह हटकून मांडतो. टोल्कीन या इंग्रज लेखकाच्या १९५४ साली निघालेल्या कादंबरीत ‘ब्री’ नावाचे गाव आहे. तेथल्या पानगृहात माणसे, कमरेएवढे हॉबिट आणि एकदोन परके बुटके एकाच दालनात बसतात, गातात, गावगप्पा करतात. हॉबिटांसाठी ठेंगण्या खोल्या राखलेल्या आहेत, पण त्या त्यांच्या सोयीसाठी. सामाईक दालन सर्वांचे. लेखकाला असे दालन लेखणीच्या एका फटकाऱ्यात उभारता येते. आपल्याला ते झगडून मिळवावे लागले.

आपल्याकडे दारूचा गुत्ता ही चारचौघांची बैठक कधीच झाली नाही. ते काम चहाच्या हॉटेलाने केले. पण त्या हॉटेलातही अस्पृश्य मानलेल्या माणसाने दाराबाहेर उभे राहावयाचे, वेगळ्या कपात वरून ओतलेला चहा घ्यावयाचा आणि कप आपणच विसळून ठेवावयाचा, अशी रीत होती. त्याचा पैसा मात्र कोणी वेगळा ठेवीत नसे!

ही रीत मोडण्यासाठी कोल्हापुरात शाहू महाराजांनी काय केले? १९१९ साली त्यांनी सार्वजनिक ठिकाणची अस्पृश्यता बंद करणाऱ्या आज्ञा काढल्या, हे प्रसिद्ध आहे. परंतु हुकमाने कोणाच्या घशाखाली चहा उतरत नाही, हे ते जाणून होते. पागेतील नोकर गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचे हॉटेल घालून दिले. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवीत, चहा मागवीत आणि बरोबरच्या प्रतिष्ठित मंडळींनाही पाजीत. राजा पितो म्हटल्यावर सरदार नाही कसे म्हणणार? एका कपाने अनेक व्याख्यानांचे काम केले.

मुंबई-पुण्याकडे इराण्यांच्या हॉटेलांनी निराळ्या रीतीने हातभार लावला. गल्ल्यावर बसलेल्या इराण्याला गिऱ्हाइकाच्या जातीशी कर्तव्य नव्हते. ज्याच्यापाशी चहाचे पैसे, त्याला संगमरवरी टेबलापाशी खुर्ची.

पुढे २६ जानेवारी १९५० पासून घटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने व उपाहारगृहे सर्वांना मोकळी केली आणि १९५५ च्या कायद्याने अडविणाऱ्यास शिक्षा ठरविली. मोरगावी भाद्रपदात आणि माघात यात्रा भरते. त्या गर्दीत चहा घेताना शेजारचा कोण, हे विचारण्यास कोणाला सवड असते? खरी कसोटी यात्रा उठल्यानंतरची, गावचीच माणसे गावच्याच बाकावर बसतात तेव्हाची.

आणि त्या कसोटीत अजून एक जागा रिकामी दिसते. त्या कलमात धर्म आणि जात यांच्याबरोबर ‘लिंग’ हाही शब्द आहे. तरी गावोगाव हॉटेलातील बाके पुरुषांनी भरलेली असतात. एस्टीची वाट पाहणारी बाई उन्हात उभी राहते आणि चहाची तल्लफ तशीच घरी नेते. तिला कोणी मज्जाव केलेला नसतो. पण कोणी सरकून जागाही दिलेली नसते.

महाराजांनी हुकूम काढल्यावर स्वतः जाऊन चहा घेतला. आपल्यालाही कायदा मिळाला आहे. आता आपण बाकावर थोडे सरकावयाचे आहे. तेवढे केले, तर कादंबरीतले ते दालन शोधण्यास कल्पित नगरीत जाण्याचे कारण उरणार नाही.