वाचावें काय आणि द्यावें काय?
(धर्मग्रामाच्या महोत्सवी सभेंत झालेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांनीं काय बांधलें याची आठवण करण्याची रीत आहे, आणि ती योग्यच आहे. मंदिराच्या भिंती, घंटा, शाळेची इमारत, दफनभूमीचें कुंपण, या साऱ्यांचा उल्लेख आजच्या सभेंत आपण ऐकिलाच आहे. समितीनें आम्हांकडे सोंपविलेला विषय मात्र विटाचुन्याचा नसून घरांतल्या फडताळाचा आहे. कोणतीं पुस्तकें वाचण्याजोगीं, तीं कशीं शोधावीं, आणि लहानथोरांपैकीं कोणास कोणतें द्यावें, हा तो विषय होय. घरभेटीच्या वेळीं हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यांत येतो. "फादर, पोरगा दिवसभर मोबाइल घेऊन बसतो, त्याला एखादें चांगलें पुस्तक सांगा," असें एखादी माउली म्हणते, आणि त्याच घरांतले आजोबा विचारतात, "फादर, आमच्या वेळचीं पुस्तकें पेटींत पडलीं आहेत, त्यांचें काय करायचें?" दिसण्यांत हे दोन प्रश्न निराळे आहेत, परंतु त्यांचें उत्तर एकच आहे असें आम्हांस वाटतें, आणि तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

हा प्रश्न नवा नव्हे. चारशें वर्षांपूर्वीं गोमंतकांतही तो उपस्थित झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघाचे इंग्रज धर्मगुरु १५७९ सालीं गोव्यास आले, आणि साष्टी प्रांतांतील लोकांच्या सेवेंत त्यांनीं आपलें आयुष्य वेंचिलें. त्यांनीं रचिलेलें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं प्रथम छापून निघालें. त्याच्या आरंभीं एक प्रसंग वर्णिलेला आहे. नवदीक्षित लोकांपैकीं एक ब्राह्मण गृहस्थ पाद्रींस नम्रपणें विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें आपण बंद केलीं, तर तशाच तऱ्हेचीं दुसरीं पुस्तकें आपण आम्हांस कां करून देत नाहीं? केवढा मार्मिक प्रश्न हा! मनाई केल्यानें फडताळ रिकामें होतें. तें भरत मात्र नाहीं. आणि फादर स्टीफन्स यांनीं त्या गृहस्थास उपदेशाचे चार शब्द सांगून वाटेस लाविलें नाहीं. लोकांच्या तोंडीं असलेल्या मराठी भाषेंत, लोकांच्या कानांस गोड लागणाऱ्या ओवीछंदांत, सुमारें ११,००० ओव्यांचा ग्रंथ त्यांनीं त्यांच्या हातीं ठेविला.

ख्रिस्तसभेच्या इतिहासांत याची दुसरी बाजूही आहे, ती झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. निषिद्ध ग्रंथांची सूची रोमहून १५५९ सालीं, पोप चौथे पॉल यांच्या कारकीर्दींत निघाली. ती वेळोवेळीं सुधारली गेली, आणि चारशें वर्षांहून अधिक काळ चालून १९६६ सालीं, पोप सहावे पॉल यांच्या काळीं, तिचें कायद्याचें बळ संपलें. त्या दिवसापासून निवडीचें ओझें सूचीवरून उतरून वाचकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर आलें आहे. हें ओझें हलकें नव्हे. काय वाचूं नये हें सांगणारी यादी करतां येते. परंतु काय वाचावें हें एका यादीनें सर्वांस सांगतां येत नाहीं. तें प्रत्येक घरास आपलें आपण शोधावें लागतें.

मग कसोटी कोणती? ती आम्हीं एका आजारी मनुष्यापासून घेतली आहे. १५२१ सालीं पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्यानें पाय मोडलेला एक सरदार आपल्या लोयोला येथील वाड्यांत अंथरुणास खिळून होता. वेळ घालविण्यासाठीं त्यानें शूर वीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. त्या वाड्यांत तसलें एकही पुस्तक सांपडलें नाहीं. मिळालीं तीं दोन, ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजानें त्यानें तींच वाचिलीं. पुढें त्यास एक गोष्ट उमगली. पराक्रमाचीं आणि मानसन्मानाचीं स्वप्नें रंगवितांना मौज वाटे, परंतु तीं सरल्यावर मन कोरडें पडे. या पुस्तकांतून उठलेले विचार मात्र सरल्यावरही मनांत समाधान ठेवून जात. तो सरदार म्हणजेच संत इग्नेशियस. वाचीत असतां काय वाटतें याहून, पुस्तक मिटल्यावर मागें काय उरतें, हें पाहावें, ही ती कसोटी. ती कथेस लागूं आहे, चरित्रास लागूं आहे, विज्ञानासही लागूं आहे. आणि आणखी एक गोष्ट विसरूं नये: ती दोन पुस्तकें त्या घरीं कोणीतरी आधीं आणून ठेविलेलीं होतीं.

आतां वयानुसार पाहूं. अक्षरओळख होण्यापूर्वींच मुलाचें वाचन सुरू होतें, आणि तें कानानें होतें. बाळगोपाळांस एकच गोष्ट दहादां ऐकावीशी वाटते. वडील माणसांनीं कंटाळूं नये, कारण पुन्हा पुन्हा मागणें हीच त्या वयाची पसंतीची खूण आहे. थोडीं मोठीं झालीं कीं साने गुरुजींची 'श्यामची आई' घ्यावी. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें हें पुस्तक ४२ रात्रींत विभागलेलें आहे. रोज एक रात्र वाचली तर दीड महिना घरांत दिवेलागणीनंतर मुलें जवळ येऊन बसतील.

आठ ते बारा वर्षांच्या मुलांस साहस हवें असतें. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच 'फास्टर फेणे', त्यांच्या हातीं द्यावा. भागवतांनींच मराठींत आणलेल्या ज्यूल व्हर्नच्या कथा द्याव्या. "यांत बोध कोठें आहे?" असें विचारूं नये. बोधाची गोळी साखरेंत घोळून दिली तरी मुलाच्या जिभेस ती ओळखूं येते. मित्रासाठीं धांवणारा, भीत असूनही मागें न फिरणारा मुलगा त्याच्या मनांत राहिला, एवढें पुरे आहे.

तरुणांची निवड सर्वांत कठीण. त्यांस उपदेश नको असतो. खरें काय तें हवें असतें. त्यांच्यासाठीं चरित्रासारखा दुसरा प्रकार नाहीं. वीणा गवाणकर यांचें 'एक होता कार्व्हर' हें पुस्तक १९८१ सालीं निघालें. अमेरिकेंत गुलामगिरींत जन्मलेलें एक अनाथ मूल शिकून कृषिशास्त्रज्ञ होतें आणि भुईमूग व रताळीं यांच्यावर संशोधन करून गरीब शेतकऱ्यांच्या उपयोगी पडतें, ही त्याची कथा. ज्यांच्या घरीं वाडी आहे त्या मुलांस ती आपलीच वाटेल. विज्ञानाची ओढ असलेल्यांस दिवंगत जयंत नारळीकर यांच्या विज्ञानकथा द्याव्या. आकाशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टि बदलेल. दया पवार यांचें 'बलुतं' १९७८ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत जातीच्या छळाचें चित्र कठोर आहे, भाषाही सोंवळी नाहीं, म्हणून कांहीं पालक कचरतात. आमचें मत असें कीं, तें लपवूं नये. आधीं आपण वाचावें, मग वयांत आलेल्या मुलाच्या हातीं द्यावें, आणि त्याचें वाचून झाल्यावर त्याच्याशीं बोलावें. शेजाऱ्यानें काय सोसलें हें ज्यास ठाऊक नाहीं, त्यानें शेजाऱ्यावर प्रीति कशी करावी?

प्रौढांमध्यें कादंबरीविषयीं एक जुना संशय आहे कीं, ती वेळेचा नाश करते. पण मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचें नांव घेतात ती बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) ही विधवांच्या दुःखाची कैफियत आहे. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचावी. धनगरांच्या वस्तींत आलेल्या एका तरुण मास्तराची ही साधी गोष्ट वाचून झाल्यावर दुष्काळ हा शब्द आपणांस पूर्वींसारखा ऐकूं येत नाहीं. कादंबरींतून माहिती थोडी मिळेल, परंतु परक्याच्या घरांत बसून येण्याची संधि मिळते, आणि तिचें मोल मोठें आहे.

उपयोगाच्या पुस्तकांची पारख निराळी. शेती, औषधोपचार, कायदा, पैशाची गुंतवणूक, यांवरील पुस्तक घेतांना लेखकाचा त्या विषयांतील अधिकार काय, आणि आवृत्ति कोणत्या सालची, हें आधीं पाहावें. जुना कायदा आणि जुनें औषध हीं नुकसान करतात. इतिहासाच्या पुस्तकांत लेखक आपले आधार सांगतो कीं नाहीं तें पाहावें. जो फक्त आवेशानें बोलतो त्याच्यापासून जपावें, मग तो आपल्या बाजूचा कां असेना. भाषांतर असेल तर भाषांतरकाराचें नांव आणि मूळ ग्रंथाचें नांव आंत छापलेलें असावें. धर्मविषयक पुस्तकांत 'इम्प्रिमातुर' म्हणजे बिशपमहाशयांची छापण्याची अनुज्ञा असते. श्रद्धा व नीति यांस बाधक असें कांहीं त्यांत नाहीं, एवढाच तिचा अर्थ. पुस्तक चांगलें लिहिलें आहे, असा तिचा अर्थ नव्हे. म्हणून भक्तिपर पुस्तकांनाही संत इग्नेशियसांची कसोटी लावावी.

वृद्धांसाठीं ठळक अक्षरांचीं पुस्तकें शोधावीं, आणि दृष्टि अधू झाली असल्यास वाचून दाखविणारें माणूस शोधावें. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रे' यासाठीं उत्तम. पति रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती दीक्षा घेतली तेव्हां घराची झालेली ताटातूट, आणि पुढें झालेली पुनर्भेट, त्यांनीं घरगुती बोलींत, हंसत हंसत सांगितली आहे. ऐकणारा आजोबा असो कीं नात असो, दोघेही हंसतील आणि दोघांचेही डोळे ओलावतील.

हीं पुस्तकें मिळावीं कोठें? मद्रासचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयाचे पांच नियम मांडिले. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळालें पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक, असा त्यांपैकीं दोहोंचा भाव आहे. तालुक्याच्या गांवीं जें सार्वजनिक वाचनालय असेल त्याचे सभासद व्हावें; थोड्या वर्गणींत तेथें पुस्तक विकत न घेतां पारखतां येतें. सुटींत मुलांस घेऊन सातारा जिल्ह्यांतील भिलार येथें जावें. स्ट्रॉबेरी पिकविणाऱ्या त्या गांवांत २०१७ पासून घराघरांत पुस्तकें मांडिलीं आहेत, एका घरीं एक प्रकार तर दुसऱ्या घरीं दुसरा. मूल कोणत्या घरीं अधिक वेळ रमतें तें पाहिलें तरी त्याची आवड कळते. आपल्या समाजाचीही पुंजी लहान नाहीं. 'निरोप्या' हें मासिक १९०३ पासूनचें आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचें 'सुबोध बायबल' साहित्य अकादमीच्या अनुवाद पुरस्कारास पात्र ठरलें, आणि २०२० सालीं ते अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पुस्तक हातीं आलें कीं पहिलीं दहा पानें आणि मधलें एखादें पान उभ्याउभ्या वाचावें; मुखपृष्ठाच्या रंगावर आणि पाठीमागच्या स्तुतीवर जाऊं नये.

आतां आजोबांच्या पेटीकडे वळूं. 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तीन जुन्या आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकीं एकीचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ वांचला. कां? लोकांनीं तो हातानें उतरून घेतला, आणि मंगळूरकडील ख्रिस्ती घरांतून तो गाइला गेला. अशा उतरलेल्या प्रतींवरून १९०७ सालीं मंगळुरास तो पुन्हा छापतां आला. छापखान्यांतलीं पुस्तकें नाहींशीं झालीं; एका हातानें दुसऱ्या हातास दिलेलीं राहिलीं. आज आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत जातात. इंग्रजी वाचतात, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु मराठी बोलणारें पण मराठी वाचूं न शकणारें मूल घरांत वाढत असेल, तर आजोबांची पेटी त्याच्या लेखीं रद्दी आहे, आणि पुढच्या महोत्सवाची स्मरणिका छापली तरी ती उघडणार कोण?

यासाठीं आमची विनंति तीन गोष्टींची आहे. पहिली, दररोज संध्याकाळीं प्रार्थनेनंतर पाव तास घरांत कोणीतरी मराठींत मोठ्यानें वाचावें. नातवानें आजोबांस, नाहीं तर आजोबांनीं नातवास. दुसरी, बाप्तिस्मा, प्रथम ख्रिस्तप्रसाद आणि लग्न या प्रसंगीं आहेराबरोबर एक पुस्तक द्यावें, परंतु आपण स्वतः वाचलेलें. तिसरी, या महोत्सवाची खूण म्हणून धर्मग्रामाच्या सभागृहांत एक कपाट ठेवूं. ज्यांच्या पेट्यांत पुस्तकें पडलीं आहेत त्यांनीं तीं आणून द्यावीं, आणि प्रत्येक पुस्तकाच्या आंत एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहाव्या कीं, हें कोणत्या वयास शोभेल, आणि वाचून आपल्या मनांत काय उरलें.

त्या माउलीस आणि त्या आजोबांस आमचें उत्तर हेंच. मुलाच्या हातांतून कांहीं काढून घेण्यापूर्वीं त्याच्या हातीं कांहीं द्यावें. आणि द्यावयाचें तें बहुधा आपल्याच घरांत, पेटीच्या तळाशीं असतें. आपल्या पूर्वजांनीं आपणांसाठीं मंदिर उभारिलें. आपण आपल्या मुलांसाठीं एक फडताळ भरूं या.