सुधाकराचं खरं दुखणं

(गेल्या गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षिप्त पाठ)



विषय आहे शोकांतिकेतल्या नायकाचा अहंकार. मी डिप्लोमा झालेला रेल्वेचा माणूस, साहित्याचा पंडित नव्हे. तेव्हा ॲरिस्टॉटलकडे फार वेळ थांबत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की असा नायक दुष्ट नसतो. चारचौघांपेक्षा थोडा सरसच असतो आणि एखाद्या घोडचुकीने कोसळतो. शेक्सपिअरचा ऑथेल्लो पाहा. देवलांनी तो आपल्याकडे ‘झुंजारराव’ म्हणून आणला. बायकोचा जीव घेऊन स्वतः मरताना या गृहस्थाला काळजी कसली, तर लोक आपली हकिगत कशी सांगतील याची!

पण मला बोलायचंय ते ‘एकच प्याला’तल्या सुधाकराबद्दल. राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणलं. गणपतराव बोडस सुधाकर आणि बालगंधर्व सिंधू. म्हणजे पहिला प्रयोग पाहिला तो आपल्यासारख्याच, मुलखाबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींनी. तेव्हापासून ‘दारूच्या दुष्परिणामांचं नाटक’ असा शिक्का त्यावर बसला आहे. मला तो अर्धवट वाटतो.

सुधाकर पहिला प्याला घेतो तो चैनीखातर नव्हे. गरिबीतून, स्वतःच्या बुद्धीवर वकील झालेला हा माणूस. स्वाभिमान हेच त्याचं भांडवल, आणि त्या जोरावरच तो वर आलेला. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि सनद काही महिन्यांपुरती काढून घेतली जाते. काही महिन्यांपुरतीच! घरात सिंधूसारखी बायको आहे, उपाशी मरायची वेळ आलेली नाही. पण काल ज्यांच्यासमोर मान ताठ होती, त्यांना उद्या तोंड कसं दाखवायचं? रामलालसारखा जिवलग मित्र विलायतेला निघून गेलेला. अशा वेळी तळीराम पुढे येतो, अपमान विसरायचं औषध घेऊन.

आपल्या नोकरीतल्यांना हे समजावून सांगायला नको. सस्पेन्शन म्हणजे काही फाशी नव्हे. चौकशी होते, माणूस पुष्कळदा कामावर परत येतो. पण तेवढे दिवस रोज सकाळी डबा घेऊन निघणारी आणि कुठल्यातरी बाकावर संध्याकाळ करणारी माणसं आपण पाहिली आहेत. का, तर क्वार्टर्समध्ये कळू नये.

पुढे मेव्हणा पद्माकर मदतीला येतो, तर सुधाकराला तोही अपमानच वाटतो. माहेरची पै घेणार नाही, अशी शपथ तो सिंधूला घ्यायला लावतो. म्हणजे बाणा याचा आणि लोकांची दळणं दळायची तिने! दारूच्या प्रवेशांपेक्षा मला या शपथेचा जास्त राग येतो. तिथे बाटली बोलत नाही हो, बाणाच बोलतो.

मात्र गडकरी एकतर्फी लिहीत नाहीत. चौथ्या अंकात सुधाकर दारू सोडायचं ठरवतो आणि नोकरी मागायला प्रतिष्ठितांच्या दारात जातो. त्याच्यासारख्याला हे किती जड गेलं असेल! आणि नेमकं तेव्हाच ही सभ्य मंडळी त्याला हिणवून परत पाठवतात. तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. तळीरामाला नावं ठेवणं सोपं आहे. या सभ्य मंडळींकडे आपण नाटक बघताना सहसा लक्ष देत नाही. का देत नाही, ते ज्याचं त्याने पाहावं.

शेवटी मूल गेलेलं आहे आणि नवऱ्याच्या माराने सिंधू मरणाला टेकली आहे. पोलीस विचारतात, तेव्हा ती म्हणते, मीच पडले. ज्या नावापायी त्याने घर जाळलं, ते नाव राखायला मरता मरता तिलाच खोटं बोलावं लागतं.