विषाणूला सीमा नसते, औषधाला असते



फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबे अंगावरच्या वस्त्रांनिशी येऊन पडली. त्या छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. हाल त्यांनी पुष्कळ सोसले. परंतु अखंड हिंदुस्थानात मूळ असलेल्या आणि १९ जुलै १९४८ पूर्वी येथे येऊन राहिलेल्या निर्वासितांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदाने नागरिक मानले. माणूस आला, तो आपला झाला.

त्याच सिंधमधून पुढील काळात जोधपूरला आलेल्या भिल्ल आणि मेघवाळ कुटुंबांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. बहुतेकजण आले ते रीतसर व्हिसावर. मग दीर्घ मुदतीचा व्हिसा, त्याचे नूतनीकरण आणि कचेरीचे हेलपाटे! येथेच जन्मलेले त्यांचे मूलही कागदोपत्री पाकिस्तानीच. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, दगडखाणींतली मजुरी थांबली. शिधापत्रिका मिळते ती नागरिकाला. मग सरकारी धान्य कोणत्या खात्यावर मागायचे?

१६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झाले. नोंदणीसाठी आधार, पॅन, मतदार ओळखपत्र अशी कागदपत्रे हवी होती. ती नसलेल्यांसाठी ६ मे रोजी केंद्राने स्वतंत्र कार्यपद्धती घालून दिली. तीत साधू होते, भटके होते, बंदिवान आणि भिक्षेकरीही होते. ही दृष्टी स्तुत्यच. पण निर्वासिताचा स्पष्ट उल्लेख तीत नव्हता! तो वगळावा असे कोणी ठरवले असेल असे नव्हे. तो कोणाच्या ध्यानातच आला नाही. कागदावर नसलेल्या माणसाचे असेच होते. अखेर त्याच महिन्यात राजस्थान उच्च न्यायालयाला यात लक्ष घालावे लागले.

पोर्तुगालने मार्च २०२० मध्येच वेगळा मार्ग धरला. ज्यांचे वास्तव्याचे अर्ज प्रलंबित होते, त्या सर्वांना तात्पुरते अधिकृत रहिवासी मानून आरोग्यसेवा खुली केली. अर्जाची पोच हाच परवाना. शेजारी आजारी असला तर आपले घरही सुरक्षित नाही, इतका साधा हिशेब त्यामागे होता.

आपल्याकडे २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले आणि मे महिन्यात पहिली प्रमाणपत्रे हाती पडली. महामारी तोवर ओसरली होती. कायद्याची मर्यादा मात्र ३१ डिसेंबर २०१४ चीच आहे. त्यानंतर आलेली कुटुंबे अजूनही जुन्याच रांगेत उभी आहेत.