ट्रिपल एक्सेल दाखवा!

हेडफोन लावलेत ना? आज डाएटवर बोलणार नाहीये. वजन उतरल्यानंतर काय होतं, त्यावर बोलू.

मी वारज्याचा, माळवाडीचा. दीड वर्षापूर्वी माझं वजन होतं ११८ किलो. आज ८१. डॉक्टरांना विचारून मी डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत धरली. दिवसात दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचं आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. ते जमलं. पुढचं मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

वजन स्थिरावल्यावर लक्ष्मी रोडला शर्ट घ्यायला गेलो. म्हटलं, "काका, ट्रिपल एक्सेल दाखवा." काका बघतच राहिले. "कोणासाठी?" "माझ्यासाठीच." त्यांनी गळ्यातली टेप काढली, छाती मोजली आणि काही न बोलता 'एल' पुढ्यात ठेवला. घातला तर सगळी बटणं लागली. तरी मी काय म्हणावं? "एक साइज मोठा द्या ना, धुतल्यावर आटेल."

हसू नका. अजूनही पीएमपीत मी अंग चोरून, आडवा होऊन पुढे सरकतो. दोघांच्या सीटवर कडेला अर्धाच टेकतो. याला 'फँटम फॅट' म्हणतात. म्हणजे अंगावरून गेलेली, पण डोक्यात राहिलेली चरबी. आपल्या शरीराचा आकार मेंदूने वर्षानुवर्षं पाठ केलेला असतो. काटा खाली येतो, त्या वेगाने ते पाठांतर पुसलं जात नाही. आरशात आपल्याला जुनाच माणूस दिसत राहतो. याचा फार त्रास होत असेल, जेवायचीच भीती वाटत असेल, तर समुपदेशकाशी नक्की बोला. त्यात लाज कसली?

आता कपड्यांचं. वजन उतरत असताना ढीगभर खरेदी करू नका, दोन-तीन जोड पुरतात. पँट कमरेत दोनेक इंच आत घेता येते. त्याहून जास्त घेतली की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात! खांद्यात ढगळ झालेला शर्ट दुरुस्त करायला अवघड, त्याचा नाद सोडा. आणि आरशावर विश्वास बसत नसेल तर टेपवर ठेवा. टेपला तुमचा भूतकाळ माहीत नसतो.

माझे जुने कपडे मात्र वर्षभर माळ्यावर होते. आई म्हणायची, "असू देत, परत लागले तर?" खरं सांगू? तीच भीती माझ्याही मनात होती. शेवटी मागच्या महिन्यात आईनेच बोहारणीला हाक मारली. दोन बॅगा रिकाम्या झाल्या, बदल्यात स्टीलचा डबा ठरला. तेवढ्यात ढिगात मला निळा चौकड्यांचा शर्ट दिसला.

त्याच्या आदल्या आठवड्यात एका लग्नात एक काका पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "आत्ता कुठे माणसात आलास!" सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर ते वाक्य टोचत राहिलं. मग आधी मी कोण होतो? २०२१ मध्ये लिफ्ट बंद असताना आजीला तीन मजले उचलून खाली रिक्षापर्यंत नेलं, ते त्या ११८ किलोवाल्यानेच. अंगात हाच शर्ट होता.

मी तो शर्ट ओढून घेतला. बोहारीण म्हणाली, "मग डबा लहान मिळंल." म्हटलं, चालेल.

तो शर्ट आता कपाटात आहे. परत लागेल म्हणून नाही ठेवलेला. ज्याच्यामुळे मी इथवर आलो, त्याची आठवण म्हणून ठेवलाय. बाकी कपडे खुशाल देऊन टाका मंडळी, पण जुन्या स्वतःला शिव्या देऊ नका.

तुमच्या कपाटात असा एखादा कपडा आहे का? मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!