खोटी वर्दी
(धारूर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गावाच्या उशाला किश्वरखानाने १५६७च्या सुमारास बांधलेला आदिलशाही दुर्ग उभा आहे, त्या गावाला पहारा आणि वर्दी हे शब्द समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. म्हणून आजच्या विषयाचा प्रारंभ मी वैद्यकाच्या ग्रंथातून न करता तुमच्या किल्ल्याच्या बुरुजावरूनच करतो. अंधारात झुडूप हलले आणि पहारेकऱ्याने गनीम आल्याची वर्दी दिली, तर दरवाजे खरोखरच बंद होतात, शिबंदी खरोखरच धावते आणि किल्लेदाराच्या कपाळावरचा घामही खराच असतो. खोटी असते ती एकटी वर्दी. वैद्यक ज्यास पॅनिक डिसऑर्डर म्हणते, त्या विकाराचे स्वरूप नेमके असे आहे.

धारूरच्या घाटात एस. टी. वळणे घेत असताना एखाद्या धडधाकट गृहस्थाची छाती एकाएकी धडधडू लागते, श्वास पुरत नाही, हातापायांना मुंग्या येतात आणि आपण आता जाणार याविषयी त्याला तिळमात्र शंका उरत नाही. काही मिनिटांत हा उद्रेक शिगेला पोहोचतो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. ईसीजी निर्दोष निघतो. डॉक्टर म्हणतात, काही झालेले नाही. घरची वडीलधारी मंडळी बाहेरचे म्हणून लिंबू उतरवतात. आणि तो गृहस्थ पुन्हा तसेच होईल या धास्तीने प्रथम एस. टी. सोडतो, मग बाजार सोडतो, शेवटी उंबरठा सोडत नाही. सद्भावनेने उच्चारलेल्या निर्दय वाक्यांत 'काही झालेले नाही' या वाक्याचा क्रमांक मी फार वरचा लावतो.

अमेरिकेतील डॉक्टर दा कोस्टा यांनी १८७१ साली सैनिकांच्या अशाच धडधडीचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी बोट ठेवले ते हृदयावर. पुढे दोष मनाकडे गेला, १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र नाव मिळाले, आणि मग शोध मेंदूच्या घडणीपर्यंत पोहोचला. कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंस, बदामाएवढा एक पुंजका असतो. त्यास अमिग्डाला म्हणतात. बाहेरचे संकट ओळखून भयाचा हुकूम सोडणे हे त्याचे काम, तेव्हा घबराटीचा गुन्हेगारही तोच असावा असा तर्क होणे स्वाभाविक होते.

परंतु २०१३ साली एका प्रयोगाने हा सोपा निवाडा फिरवला. एका दुर्मीळ आनुवंशिक रोगाने ज्यांचे हे दोन्ही बदाम नष्ट झाले होते अशा तीन स्त्रियांना पस्तीस टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगवण्यात आली. त्यांतील एक तर सापालाही न भिणारी म्हणून संशोधकांच्या चांगल्या परिचयाची. त्या तिघींनाही भयंकर झटका आला. तुलनेसाठी घेतलेल्या बारा निरोगी माणसांपैकी मात्र तिघांनाच. म्हणजे गुदमरण्याची वर्दी बुरुजावरून येत नाही, ती तळघरातून येते: रक्तातील आम्लता जोखणाऱ्या, श्वासाचा हिशेब ठेवणाऱ्या मस्तिष्कस्तंभातून. डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ सालीच हा विकार म्हणजे गुदमरल्याचा खोटा इशारा होय, अशी उपपत्ती मांडली होती.

आता घडणीतील फरकांविषयी. निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी अलीकडे ४,९२४ माणसांच्या मेंदूंची एमआरआय चित्रे एकत्र केली. त्यांत विकारग्रस्त १,१४६ होते. त्यांच्या मेंदूचे बाह्यपटल ललाट, शंख आणि पार्श्व भागांत किंचित पातळ आणि क्षेत्राने किंचित कमी, तर खोलवरची थॅलॅमस आणि कॉडेट ही केंद्रे किंचित लहान आढळली. ज्यांना हा विकार एकविसाव्या वर्षाच्या आत जडला त्यांच्या मेंदूतील द्रवाच्या पोकळ्या थोड्या मोठ्या होत्या. 'किंचित' हा शब्द मी मुद्दाम पुनःपुन्हा उच्चारतो. शेकडो मेंदूंची सरासरी घेतल्यावरच दिसणारा हा फरक एका माणसाच्या चित्रात ओळखता येत नाही. आणि मेंदू असा होता म्हणून विकार जडला, की विकाराने मेंदू असा झाला, हेही एकदाच काढलेले चित्र सांगत नाही. म्हणून कोणी शेत गहाण टाकून डोक्याचा एमआरआय काढावयास निघाला असेल, तर त्यास थांबवा. थायरॉइड आणि हृदय यांची तपासणी करून घ्यावी, ती मात्र अवश्य. आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञांची भेट घेण्यात लाज मानू नये.

उपचारात औषधे आहेतच, पण मला मौज वाटते ती दुसऱ्या उपायाची. रुग्णाला जिने चढावयास लावतात, मुद्दाम जलद श्वास घ्यावयास लावतात, ज्या धडधडीला तो भितो तीच त्याच्याकडून घडवून आणतात, जेणेकरून झुडूप हलले म्हणजे गनीम आला असे नव्हे, हे पहारेकऱ्याच्या अंगवळणी पडावे. मग तो गृहस्थ एक दिवस थांब्यापर्यंत जाऊन परततो, दुसऱ्या दिवशी उभ्या एस. टी.त बसून उतरतो, आणि कधीतरी, खिडकीची कड मुठीत घट्ट धरून का होईना, घाट उतरून जातो.