छोटी मूठ, मोठी गोळी

आपल्याकडे शस्त्र विजयादशमीला देव्हाऱ्यासमोर येते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दृष्टीआड होते. परंतु ज्या अमेरिकेत मराठी घरांतील मुले-मुली मोठ्या संख्येने स्थिरावली आहेत, तेथे शस्त्र हा सणावाराचा विषय नाही. टेक्सासमध्ये रात्री उशिरा दुकान बंद करणारा गृहस्थ किंवा जॉर्जियात एकटी राहणारी डॉक्टर भगिनी नागरिकत्व मिळाल्यावर कधीतरी हा प्रश्न विचारतेच, की कपड्याखाली झाकून जवळ बाळगायचे तर पिस्तूल कोणते घ्यावे? त्यावर तयार उत्तर मिळते : “गोळी मोठी हवी आणि पिस्तूल छोटे हवे.” ऐकायला हे उत्तर सरळ वाटते. प्रत्यक्षात त्याचे दोन भाग एकमेकांशी भांडतात, आणि या भांडणाची किंमत ज्याच्या कमरेला ते पिस्तूल असते त्याला मोजावी लागते.

हा प्रश्न आज इतक्या लोकांपुढे का उभा राहिला, हे आधी पाहिले पाहिजे. फ्लोरिडा राज्याने १९८७ मध्ये असा कायदा केला, की ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदारास झाकून शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यावाच लागेल. पुढे एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा विशेष कारण मागणारा नियम रद्द ठरवला. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत यासाठी परवानाही लागत नाही. कायद्याने दार उघडले आहे. दारातून काय घेऊन बाहेर पडायचे, हे मात्र प्रत्येकाने स्वतः ठरवायचे आहे.

मोठ्या गोळीचा जन्म

मोठ्या बोअरवरील अमेरिकन माणसाची श्रद्धा फिलिपीन्सच्या रणात जन्मली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मोरो योद्ध्यांशी लढताना अमेरिकन सैनिकांना असा अनुभव आला, की .३८ बोअरच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या लागूनही समोरचा माणूस पाते उगारून अंगावर येतो. १९०४ मध्ये थॉम्प्सन आणि लागार्ड या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्याच्या आवारात जनावरांवर, तसेच मानवी शवांवर चाचण्या घेतल्या आणि लष्करी पिस्तुलाची गोळी .४५ इंचापेक्षा लहान नसावी असा निष्कर्ष काढला. जॉन ब्राउनिंग यांनी त्या मापाचे पिस्तूल सिद्ध केले आणि मार्च १९११ मध्ये ते लष्कराने स्वीकारले. ‘नाइन्टीन इलेव्हन’ या नावाने ते आजही ओळखले जाते.

ते पिस्तूल रणांगणासाठी होते. पाच इंचांची नळी, सात काडतुसे आणि सुमारे १ किलो १०० ग्रॅम वजन! उघड्या म्यानात घालून मिरवायला ते उत्तम, पण सदऱ्याखाली दडवायला अवघड. म्हणून ते आखूड करण्याचा उद्योग सुरू झाला. कोल्ट कंपनीने १९५० च्या सुमारास ‘कमांडर’ काढले, त्याची नळी सव्वाचार इंचांची आणि सांगाडा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. १९८५ मध्ये ‘ऑफिसर्स’ आले, ते साडेतीन इंच नळीचे आणि सहा काडतुसांचे. पुढे ग्लॉक कंपनीने दहा काडतुसांचे जाडसर ‘३०’ आणि सहा काडतुसांचे सडपातळ ‘३६’ अशी दोन .४५ पिस्तुले काढली. या दोन आकड्यांतच साऱ्या पेचाचे सार आहे. .४५ चे काडतूस मुळात जाड. ती दोन रांगांत भरावीत तर मूठ फुगते, एका रांगेत भरावीत तर संख्या घटते. गणिताला येथे पळवाट नाही.

आखूड केल्यावर काय होते?

पहिली गोष्ट धक्क्याची. .४५ ची नेहमीची गोळी २३० ग्रेनची, म्हणजे सुमारे १५ ग्रॅमची असते आणि पूर्ण लांबीच्या नळीतून ती सेकंदाला साधारण २५५ मीटर वेगाने सुटते. ९ मिलिमीटरची गोळी ८ ग्रॅमच्या आसपासची आणि तिचा वेग सुमारे ३५० मीटर. वजन आणि वेग यांचा गुणाकार केला, तर .४५ चा आवेग जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त भरतो. हा आवेग हाताला उलट दिशेने मिळतोच. पिस्तूल जितके हलके, तितका तो हाताला अधिक झोंबतो. आखूड मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, त्यामुळे पकड सैल होते आणि पहिल्या गोळीनंतर नळीचे तोंड वर उडते. दुसरी गोळी नेमाने मारायला तेवढा वेळ अधिक लागतो.

दुसरी गोष्ट यंत्राची. स्वयंभरण पिस्तुलात वरची स्लाइड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना नवे काडतूस नळीत ढकलते. स्लाइड आखूड झाली, की हे सारे काम कमी अंतरात आणि कमी वेळात उरकावे लागते. म्हणून स्प्रिंग कडक बसवावी लागते. ती ओढायला मनगटात बळ लागते, आणि हात ढिला पडला तर काडतूस अडकण्याची शक्यता वाढते. संकटाच्या क्षणी अडकलेले पिस्तूल म्हणजे हातातला लोखंडाचा तुकडा.

तिसरी गोष्ट नेमाची आणि वेगाची. मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर कमी झाले, की हाताची बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. आखूड नळीतून गोळीचा वेगही घटतो. पोकळ टोकाची गोळी शरीरात उमलावी अशी तिची रचना असते. वेग पुरेसा नसेल तर ती उमलेलच याची खात्री नाही. म्हणजे ज्या परिणामासाठी मोठी गोळी घेतली, त्यातलाच काही भाग नळी छाटताना गळून पडतो.

मायामीचा धडा

११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या आठ अधिकाऱ्यांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. दोन अधिकारी धारातीर्थी पडले, पाच जखमी झाले. ९ मिलिमीटरची एक गोळी एका दरोडेखोराच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयापर्यंत पोहोचण्याआधीच थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला. या घटनेने सारे खाते हादरले. गोळीने जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच शिरलेच पाहिजे, अशी कसोटी ठरली. आधी १० मिलिमीटरचे जड पिस्तूल आले. ते अनेक अधिकाऱ्यांच्या हाताला पेलेना. १९९० मध्ये मधला मार्ग म्हणून .४० बोअर अवतरला आणि देशभरच्या पोलिसांनी तो उचलला.

पण कथा तेथे संपली नाही. २०१४ मध्ये याच एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने ९ मिलिमीटरकडे परतण्याची शिफारस केली. कारणे सरळ होती. गोळ्यांची रचना इतकी सुधारली होती, की चांगल्या प्रतीच्या ९, .४० आणि .४५ च्या गोळ्यांनी केलेल्या जखमांत व्यवहारात फरक करता येईना. बहुतेक नेमबाज ९ मिलिमीटरने अधिक जलद आणि अधिक अचूक मारा करीत होते. प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या लक्ष्य चुकतात, हेही त्या टिपणात नमूद होते. चुकलेल्या गोळीचा बोअर कोण मोजणार? ती कोठेतरी जाऊन लागते, एवढेच सत्य उरते. ज्या संस्थेने मोठ्या गोळीचा आग्रह धरला, तिनेच अनुभवाअंती तो सोडला, यातील प्रामाणिकपणा शिकण्यासारखा आहे.

याचा अर्थ .४५ निरुपयोगी झाला असा नाही. ज्याचा हात त्याला सरावला आहे, ज्याला मध्यम आकाराचे पिस्तूल अंगावर वागवता येते, त्याच्यासाठी ते आजही विश्वासाचे शस्त्र आहे. परंतु २०१८ मध्ये आलेल्या सिग कंपनीच्या ‘पी ३६५’ सारख्या सुमारे अर्ध्या किलोच्या पिस्तुलात ९ मिलिमीटरची दहा काडतुसे मावतात, तेव्हा अतिलहान आकारात मोठ्या बोअरचा हट्ट धरणाऱ्याने आपण काय मिळवतो आणि काय गमावतो याचा हिशेब मांडला पाहिजे.

निवडीची कसोटी

प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपतींनी सोबत काय नेले, हे प्रत्येक मराठी मुलाला ठाऊक असते. भेट गळाभेटीची होणार, हे ओळखून अंगात चिलखत घातले आणि हातात मावतील, दिसणार नाहीत अशी शस्त्रे निवडली. त्या निवडीचे माप शस्त्राच्या आकारात नव्हते. प्रसंग कोणता, अंतर किती आणि हात किती सरावलेला, यात होते. पिस्तूल निवडणाऱ्यालाही याहून वेगळी कसोटी लागत नाही.

दुकानातील काचेआड ठेवलेले पिस्तूल पाहून निवड करू नये. सरावाच्या जागी भाड्याने मिळणारी दोन-तीन पिस्तुले घेऊन प्रत्येकातून किमान पन्नास गोळ्या झाडाव्यात. सात पावलांवरून ओळीने पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसतात का, हे पाहावे. पन्नासाव्या गोळीला मनगट कुरकुरू लागले, तर ते पिस्तूल सरावाला पुढे येणार नाही, आणि सराव नसलेले पिस्तूल जवळ असून नसल्यासारखे. लपवताना नळीपेक्षा मूठ अधिक त्रास देते, कारण सदऱ्याबाहेर तिचाच उंचवटा दिसतो. म्हणून लांबीपेक्षा मुठीची जाडी आणि उंची आधी पाहावी. पट्टा जाड व ताठ असावा. म्यान असे असावे, की चाप पूर्ण झाकला जाईल आणि पिस्तूल आपोआप निसटणार नाही. पिस्तुलाइतकेच महत्त्व म्यानाला द्यावे. तेथे पैसे वाचवणारे पुढे पस्तावतात.

कायदा आणि घर

पिस्तुलापूर्वी कागद तपासावेत. अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यानुसार विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्यास शस्त्र वा काडतूस जवळ ठेवण्यास सामान्यतः मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. ‘राज्यात परवाना लागत नाही’ हे ऐकून एच-वन व्हिसावरील तरुणाने पिस्तूल घेतले, तर तो गुन्हा ठरू शकतो आणि तेथील वास्तव्याचे सारे स्वप्न त्यात बुडू शकते. कायम वास्तव्याचा परवाना असणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण त्यांनाही राज्यागणिक नियम पाहावे लागतात. एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही.

मायदेशी येताना तर अधिक सावधपणा हवा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय शस्त्र बाळगता येत नाही, आणि ९ मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये मोडते. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला येते ते .३२. सरावाच्या पिशवीच्या कप्प्यात विसरलेले एक जिवंत काडतूसही विमानतळावर पोलीस ठाण्याची वाट दाखवू शकते.

सर्वांत मोठा धोका मात्र घरातच असतो. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातील एका दुकानात दोन वर्षांच्या बाळाने आईच्या पर्समधील पिस्तूल बाहेर काढले आणि त्या गोळीने आईचाच जीव गेला. ती पर्स शस्त्र लपवून नेण्यासाठीच बनवलेली होती. मोठ्यांपासून लपलेले शस्त्र बाळाच्या हातापासून लपलेले नव्हते! अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हेही विसरून चालणार नाही. ज्या घरात कोणी खोल निराशेतून जात आहे, तेथे सर्वोत्तम पिस्तूल म्हणजे घरात नसलेले पिस्तूल. इतरत्र ते एकतर मालकाच्या अंगावर असावे किंवा कुलूपबंद पेटीत. तिसरी जागा त्याला नाही.

सज्जनहो, झाकलेले शस्त्र हा एक प्रकारचा नेम आहे, नेमबाजीतला आणि व्रतातलाही. ते जवळ असताना मद्याला स्पर्श नाही, रस्त्यावरच्या वादात आवाज चढवणे नाही, अपमान झाला तर गिळून पुढे जाणे आहे. दर महिन्याला सराव आहे, दर रात्री कुलूप आहे. हे पथ्य ज्याला पाळता येते, त्याने आपल्या हाताला पेलेल ते पिस्तूल घ्यावे, मग ते.४५ असो वा ९. ज्याला पाळता येत नाही, त्याने दाराला भक्कम कडी लावावी, दुकानाबाहेर दिवा वाढवावा आणि शेजाऱ्याशी सलोखा ठेवावा. संरक्षणाचे ते मार्गही तितकेच जुने आणि तितकेच सन्मानाचे आहेत.